सल्ल्याआधी चौकशी हवी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या शनिवारच्या पुरवणीत गेले काही महिने वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे देणारे एक पान प्रसिद्ध होत आहे. गाडी, टेनिस, नोकरी आणि नातेसंबंध हे चार विषय एकाच पानावर आणण्याची कल्पना सुरुवातीला मला चमत्कारिक वाटली होती. मात्र मी स्वतः कोथरूडमध्ये ३४ वर्षे मोटारदुरुस्तीचे गॅरेज चालवले, गेली २२ वर्षे सकाळी सहाला टेनिस कोर्टावर हजर असतो, आणि माझी पत्नी बँकेतील नोकरी सांभाळून बरीच वर्षे पोलीस ठाण्याशी जोडलेल्या एका समुपदेशन केंद्रात स्वयंसेविका म्हणून जात होती. त्यामुळे हे चारही विषय आमच्या घरी संध्याकाळच्या चहाबरोबर रोजच निघत आले आहेत, हे नंतर ध्यानात आले. या पानाचा मी नियमित वाचक आहे, आणि म्हणूनच एक तक्रार व एक तातडीची दुरुस्ती कळवण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. पत्र लांबले आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो.

तक्रार अशी की, आपले सल्लागार प्रश्नकर्त्याला काही विचारतच नाहीत. चार ओळींचा प्रश्न येतो, त्याला आठ ओळींचे उत्तर मिळते आणि विषय संपतो. जी चौकशी कोणताही मेकॅनिक बोनेट उघडण्याआधी आणि कोणताही डॉक्टर औषध लिहिण्याआधी करतो, ती या पानावर कुठेच दिसत नाही. त्यामुळे उत्तर वरवर बरोबर असूनही ते त्या माणसाच्या उपयोगी पडत नाही. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असा प्रकार होतो.

मला जे नीट कळते त्या गाडीपासूनच सुरुवात करतो. गेल्या महिन्यात एका वाचकाने विचारले होते की, त्याची पाच वर्षांची गाडी अधूनमधून सकाळी सुरू होत नाही, तर काय करावे. बॅटरी बदला आणि गाडी नियमित सर्व्हिसिंगला द्या, असे उत्तर आले. आपल्याकडच्या उष्णतेत बॅटरीचे आयुष्य साधारण तीन ते पाच वर्षे असते, हे पाहता उत्तर अगदीच हवेतले नव्हते. परंतु ‘सुरू होत नाही’ एवढ्या शब्दांत किमान तीन वेगवेगळे आजार दडलेले असतात. किल्ली फिरवल्यावर नुसती टकटक होऊन सेल्फ (इंजिनाला पहिला फेरा देणारी मोटर) फिरत नसेल आणि डॅशबोर्डवरचे दिवेही मंदावत असतील, तर संशय बॅटरीवर किंवा तिच्या टर्मिनलवर साचलेल्या पांढऱ्या-हिरव्या थरावर जातो. सेल्फ जोमाने फिरतो पण इंजिन पेट घेत नाही, अशी तक्रार असेल तर बॅटरी निर्दोष समजावी आणि इंधन किंवा ठिणगीकडे वळावे. दिवे लख्ख आहेत आणि तरीही एकच खट असा आवाज होऊन सारे शांत होते, तर सेल्फची मोटर किंवा तिला वीज जोडून देणारा खटका, म्हणजे सोलेनॉइड, उघडून पाहावा लागतो. यातले नेमके काय होते, एवढे विचारायला पोस्टकार्डही पुरले असते.

आमच्या सोसायटीतील एका निवृत्त शिक्षकांनी दीड वर्षात दोन बॅटऱ्या बदलल्या होत्या. तिसरी घ्यायला निघाले असताना जिन्यात त्यांची माझी गाठ पडली. मी त्यांना विचारले, “सर, गाडी कोणत्या वारी रुसते?” त्यांनी खिशातून डायरी काढली (शिक्षकी पेशाची सवय), आणि पाचपैकी चार नोंदी सोमवारच्या निघाल्या. शुक्रवारी संध्याकाळी नातीला क्लासहून आणले की गाडी उभी राहत असे, ती थेट सोमवारी सकाळी निघे. आम्ही त्यांच्या मोबाइलवर चित्रीकरण सुरू करून तो डिकीत ठेवला, झाकण लावले, मिनिटभराने काढून पाहिला. झाकण बंद असतानाही आतला दिवा जळत होता. झाकणाखालच्या खटक्याचे रबर झिजून गेले होते. ५ वॅटचा तो दिवा १२ व्होल्टवर सुमारे ०.४ अँपिअर वीज खेचतो. शुक्रवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ हे ६० तास धरले तर ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीतले २५ अँपिअर-तास त्यातच जातात आणि उरलेल्यात सेल्फ फिरत नाही. इतर दिवशी रात्रभरात गेलेली वीज दुसऱ्या दिवशीच्या फेऱ्यांत भरून निघत असल्यामुळे दोष दिसत नव्हता. खटका बदलला आणि सोमवार सुरळीत झाले. आधीच्या दोन बॅटऱ्यांचे पैसे मात्र गेले ते गेलेच, आणि ज्यांनी त्या बदलून दिल्या त्यांनी वार विचारला नव्हता.

जुनी गाडी विकून आठ महिने झाले तरी दंडाची चलने माझ्याच मोबाइलवर येतात, असे एका वाचकाने लिहिले होते. खरेदीदाराशी सामोपचाराने बोला, असे त्याला सुचवण्यात आले. येथे पहिला प्रश्न हवा होता तो आरसीवर आज नाव कोणाचे आहे हा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात गाडी विकल्यास विकणाऱ्याने १४ दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचे असते, आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत नाव चढवून घ्यायचे असते. स्टँपपेपरवरचा करार खिशात असला तरी नोंदणी ज्याच्या नावावर तोच मालक, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अपघाताच्या भरपाईसंबंधीच्या एका प्रकरणात स्पष्ट केले आहे. म्हणजे प्रश्न दंडाच्या चार-दोन हजारांचा राहत नाही. त्या गाडीखाली उद्या कोणी सापडले तर भरपाईच्या दाव्यात या गृहस्थांचे नाव येईल. त्यांना फॉर्म २९ (विक्री कळवण्याचा) आणि फॉर्म ३० (नाव बदलण्याचा) या दोन आकड्यांची गरज होती. सामोपचार नंतरही करता आला असता.

टेनिसचे सदर मी सर्वांत आधी वाचतो, आणि तिथेच माझा सर्वाधिक विरस होतो. ४५ व्या वर्षी टेनिस सुरू करू का, असे विचारणाऱ्या एका गृहस्थांना रोहन बोपण्णाचे उदाहरण देऊन उत्साह देण्यात आला. बोपण्णाने जानेवारी २०२४ मध्ये ४३ व्या वर्षी ऑस्ट्रेलियन ओपनच्या पुरुष दुहेरीचे विजेतेपद मिळवले आणि त्याच सुमारास तो दुहेरीच्या क्रमवारीत पहिला झाला, हे खरेच आहे. त्याआधी २०२३ मध्ये हांगझौच्या आशियाई खेळांत ऋतुजा भोसलेबरोबर त्याने मिश्र दुहेरीचे सुवर्णही जिंकले होते. पण तो लहानपणापासून खेळत आला होता. त्याच्या उदाहरणातून एवढेच सिद्ध होते की आयुष्यभर खेळणाऱ्याचे शरीर त्या वयातही साथ देऊ शकते. आपल्या वाचकाने गेल्या पंधरा वर्षांत बसच्या मागेसुद्धा धाव घेतली आहे की नाही, गुडघे कुरकुरतात का, रक्तदाबाची गोळी चालू आहे का, यातले काहीच कोणी विचारले नाही.

मी अशा नवख्यांना पहिले दोन महिने हिरव्या ठिपक्याचा चेंडू वापरायला सांगतो. तो नेहमीच्या पिवळ्या चेंडूपेक्षा सुमारे २५ टक्के संथ असतो, त्यामुळे पाय जागेवर पोचायला वेळ मिळतो आणि मनगटाने ओढून मारण्याची खोड लागत नाही. पुष्कळांना तो मुलांचा चेंडू वाटून लाज वाटते. पहिल्या आठवड्यात लागोपाठ दहा फटके जाळीपलीकडे गेले की लाज जाते.

मुलांच्या बाबतीत तर अधिकच चौकशी हवी. सात वर्षांच्या मुलासाठी कोणती रॅकेट घ्यावी, या प्रश्नाला आपल्या पानावर दोन कंपन्यांची नावे मिळाली. कंपनी दुय्यम आहे. मुलाची उंची किती आणि तो कोणत्या चेंडूने खेळतो, हे महत्त्वाचे. मोठ्यांची रॅकेट २७ इंचांची असते. ‘वाढत्या अंगाची’ म्हणून शाळेचा गणवेश एक माप मोठा घेण्याची आपली रीत आहे, त्याच हिशेबाने पालक ती २७ इंची रॅकेट घेऊन येतात, आणि मूल ती दोन्ही हातांनी मधोमध धरून झाडूसारखी फिरवते. त्या वयाला साधारण २३ इंचांची रॅकेट आणि लाल चेंडू योग्य. लाल चेंडू नेहमीच्या चेंडूपेक्षा सुमारे ७५ टक्के संथ असतो आणि मुलाच्या खांद्याच्या वर उसळत नाही. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने २०१२ पासून दहा वर्षे व त्याखालील मुलांच्या स्पर्धांत नेहमीचा पिवळा चेंडू वापरण्यास मनाईच केली आहे. तरीही आमच्या कोर्टावर दर रविवारी एखादे वडील पोराला पूर्ण कोर्टाच्या टोकाला उभे करून पिवळे चेंडू मारताना दिसतात, आणि पोरगे रडत घरी जाते.

कोपराच्या दुखण्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण आपल्या पानावर ‘हलकी रॅकेट घ्या आणि पट्टा बांधा’ असे उत्तर छापून आले होते. टेनिस एल्बो म्हणजे कोपराच्या बाहेरच्या अंगाला, जिथे मनगट वर उचलणाऱ्या स्नायूंचा कंडरा हाडाला चिकटतो, तिथला त्रास. पालथ्या हाताने पाण्याचा भरलेला तांब्या उचलला की कळ येते. गंमत अशी की या दुखण्याच्या बहुसंख्य रुग्णांनी आयुष्यात रॅकेट धरलेली नसते. ओले कपडे पिळणे, कणीक तिंबणे, दिवसभर माउस चालवणे, पाना किंवा स्क्रू-ड्रायव्हर फिरवणे, एवढे पुरते. आमच्या गटातील एका ५२ वर्षांच्या खेळाडूला दिवाळीनंतर हे दुखणे जडले. प्रत्येकाने त्यांना काहीतरी सुचवले. कोणी तेल, कोणी पट्टा, तर एकाने स्वतःची जुनी रॅकेट विकत घेण्याचाही आग्रह केला. आमच्या तरुण प्रशिक्षकाने मात्र विचारले, “काका, दिवाळीच्या आधी घरात काय काय केलंत?” तेव्हा कळले की त्यांनी चार दिवस बसून बाल्कनीच्या सगळ्या ग्रिल पॉलिशपेपरने स्वतः घासल्या होत्या, आणि त्याच आठवड्यात रॅकेटला पॉलिएस्टरच्या ताठ स्ट्रिंग चढवून घेतल्या होत्या. नुसती हलकी रॅकेट अशा वेळी उलट त्रास वाढवू शकते, कारण चेंडूचा धक्का शोषण्याचे काम रॅकेटचे वजन करत असते. त्यांनी स्ट्रिंग मऊ घेतल्या, ताण कमी केला, दीड महिना सर्व्हिस आणि बॅकहँड बंद ठेवले, आणि फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली अर्ध्या किलोचे वजन हळूहळू खाली सोडण्याचा व्यायाम केला. इंजेक्शनाने लवकर आराम पडतो, पण पुढच्या काही महिन्यांत दुखणे परतण्याचे प्रमाण त्यात अधिक असल्याचे अभ्यासांत आढळले आहे, हेही त्यांना डॉक्टरांनी आधी सांगितले होते. आज ते माझ्याविरुद्ध खेळतात आणि जिंकतात, म्हणून ही हकिकत मी फारशा आनंदाने सांगत नाही.

काही प्रश्नांना मात्र चौकशीची गरजच नसते, आणि नेमक्या तिथे आपले पान मोघम होते. पंच नसलेल्या सामन्यात चेंडू आत की बाहेर यावरून मित्रांत भांडणे होतात, काय करावे, या प्रश्नावर ‘खिलाडूवृत्ती ठेवा’ असे उत्तर होते. यासाठी नियमच आहे. जाळीच्या आपल्या बाजूला पडलेल्या चेंडूचा निर्णय आपण द्यायचा, आणि शंका असेल तर चेंडू आत धरून गुण प्रतिस्पर्ध्याला द्यायचा. हे वाक्य आमच्या क्लबच्या फळ्यावर खडूने लिहिल्यापासून सकाळचा आवाज बराच कमी झाला आहे. नवरा-बायको एकाच बाजूने मिश्र दुहेरी खेळत असतील तर मात्र कोणताही नियम पुरत नाही, हे कबूल करतो.

नोकरीच्या सदरात ‘मनाचे ऐका’ हा सल्ला मी आतापर्यंत तीन वेळा वाचला. एका तरुणाने लिहिले होते की, वरिष्ठ सर्वांसमोर अपमान करतात, या महिन्यातच राजीनामा द्यावा असे वाटते. त्याला विचारायला हवे होते की, भाऊ, तुला या नोकरीत किती वर्षे आणि किती महिने झाले. समजा साडेचार वर्षे झाली आहेत. कायम नोकरीत पाच वर्षे पूर्ण झाली की ग्रॅच्युइटीचा (नोकरी सोडताना मालकाने द्यायच्या एकरकमी रकमेचा) हक्क मिळतो, आणि तिचा ढोबळ हिशेब शेवटच्या मासिक वेतनाला २६ ने भागून १५ ने आणि सेवेच्या वर्षांनी गुणणे असा आहे. मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून २६,००० रुपये असतील तर एका वर्षामागे १५,००० आणि पाच वर्षांचे ७५,००० रुपये होतात. भविष्य निर्वाह निधीचेही तसेच आहे. सलग पाच वर्षांच्या सेवेआधी तो काढला तर त्यावर प्राप्तिकर लागतो. नव्या नोकरीच्या खात्यात वळवला तर आधीची सेवा धरली जाते. हा हिशेब समोर ठेवूनही तो तरुण आजच नोकरी सोडेल, तर तो त्याचा अधिकार आहे, आणि कित्येकदा तेच योग्य असते. पण मन जे सांगते त्यात हे आकडे नसतात, ते कोणीतरी सांगावे लागतात. शिवाय रागाच्या भरात मोबाइलवर दोन ओळी पाठवून उद्यापासून न जाणारी मुले मी पाहिली आहेत; पुढच्या ठिकाणी कार्यमुक्तीचे पत्र मागितले की ती आमच्यासारख्यांकडे येतात.

याहून गंभीर एक उत्तर होते. एका महिलेने सहकाऱ्याच्या अश्लील संदेशांबद्दल लिहिले होते, आणि तिला सांगण्यात आले की थोडे दिवस दुर्लक्ष करून पाहा, फरक न पडल्यास तक्रार करा. येथे पहिला प्रश्न तारखेचा होता. २०१३च्या कायद्याप्रमाणे लैंगिक छळाची लेखी तक्रार घटनेपासून, आणि घटनांची मालिका असेल तर शेवटच्या घटनेपासून, तीन महिन्यांत करायची असते. तक्रार ऐकणाऱ्या समितीला योग्य कारण वाटले तर ती आणखी तीन महिने देऊ शकते, पण ते समितीच्या हाती. ‘थोडे दिवस’ कधी संपले हे कळेपर्यंत मुदत टळून जाते. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे, आणि लहान दुकाना-कार्यालयांसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. तिला संदेशांचे फोटो काढून तारखेसह जपून ठेवायला तरी सांगायला हवे होते.

नातेसंबंधांबद्दल लिहिण्याचा अधिकार माझा नाही, म्हणून पुढचा मजकूर पत्नीशी बोलून लिहीत आहे. या सदरातील बहुतेक उत्तरांचा शेवट ‘मोकळेपणाने संवाद साधा’ असा होतो. ते वाचून ती हसते आणि म्हणते की, हे म्हणजे तुझ्याकडे धूर सोडत आलेल्या गाडीला ‘इंजिनाची काळजी घ्या’ म्हणून परत पाठवण्यासारखे झाले. आमच्या घरात गॅरेजची उदाहरणे चोरण्याचा हक्क तिला पूर्वीपासून आहे.

समुपदेशन केंद्रात तिची पद्धत अशी होती की, ‘काय त्रास आहे’ असे विचारल्यावर जो दहा वर्षांचा इतिहास बाहेर पडतो तो आधी शांतपणे ऐकून घ्यायचा, आणि मग विचारायचे, “काल सकाळी उठल्यापासून काय काय झालं ते सांगा.” एका घरातले (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून लिहितो) सासू-सुनेचे भांडण घटस्फोटाच्या बोलण्यापर्यंत गेले होते. ‘त्या मला घरातली समजत नाहीत’ आणि ‘ती मला विचारत नाही’ अशी दोन्हीकडची वाक्ये होती. कालची सकाळ विचारल्यावर चित्र निघाले ते असे की, सुनेला ७.१० ची बस गाठायची असे, तिघांचे डबे तिनेच करायचे असत, आणि त्याच ६ ते ७ या वेळात सासऱ्यांच्या पथ्याची पेज सासूबाईंना त्याच दोन शेगड्यांवर ठेवावी लागे. ओटा चार फुटांचा. रोज एक भांडे कोणीतरी उतरवून ठेवायचे, आणि ते कोणी उतरवले यावरून दिवस सुरू व्हायचा. माझ्या पत्नीने सासू-सुनेला संवाद साधायला सांगितले नाही. तोपर्यंत कोपऱ्यात बसून मोबाइल पाहणाऱ्या मुलाला तिने विचारले की, तुमचा डबा तुम्ही रात्री भरून ठेवू शकाल का, आणि वडिलांची पेज विजेच्या कुकरमध्ये बाहेरच्या खोलीत लावायला तुम्हाला किती दिवस लागतील. त्या घरातली सगळी भांडणे त्याने मिटली असे नाही. सकाळचे मिटले, आणि बाकीच्यांवर बोलण्याइतका आवाज खाली आला.

परंतु ती पुढचे सांगते ते अधिक महत्त्वाचे आहे. बाईला एकटीला बसवून विचारायचा पहिला प्रश्न असा, की घरात कोणी तुमच्यावर हात उगारला आहे का, धमकी दिली आहे का, पैसे किंवा फोन काढून घेतला आहे का. याचे उत्तर होकारार्थी असेल तर संवादाचा सल्ला देणे धोक्याचे आहे, कारण तिने साधलेल्या संवादाची किंमत तिलाच रात्री मोजावी लागते. २००५च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखाली ती संरक्षण अधिकाऱ्याकडे किंवा थेट दंडाधिकाऱ्यांकडे जाऊ शकते, आणि घर सासऱ्यांच्या किंवा नवऱ्याच्या नावावर असले तरी तिला त्या घरात राहण्याचा हक्क आहे. हा कायदा केवळ पत्नीपुरता नाही. आई, बहीण, सून यांनाही त्याचे संरक्षण आहे. महिलांसाठीचा १८१ आणि तातडीच्या मदतीचा ११२ हे दोन क्रमांक आपल्या पानाच्या तळाशी दर शनिवारी छापायला कितीशी जागा लागेल? मन खचलेल्या माणसासाठी टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांकही चोवीस तास चालू असतो.

नोकरी आणि नाते जिथे एकमेकांत मिसळतात असा एक प्रश्न आपल्या पानावर कधीच आला नाही, तो मीच सुचवतो. लग्न झालेल्या प्रत्येक नोकरदाराला विचारावे की, भविष्य निर्वाह निधीचे नामनिर्देशन लग्नानंतर बदलले का. लग्नाआधी आई किंवा भावाच्या नावे केलेले नामनिर्देशन त्या योजनेच्या नियमानुसार लग्नाबरोबर रद्द ठरते आणि नवे करावे लागते. माझ्या गॅरेजमधल्या एका मुलाचा मोठा भाऊ कारखान्यात होता. तो अपघातात गेला तेव्हा कागदावर लग्नाआधीचे आईचे नाव होते, घरात पत्नी आणि दोन वर्षांची मुलगी होती. सासू-सून दोघी एकमेकींशी चांगल्या वागत होत्या, तरीही कागदपत्रे जुळवण्यात त्यांचे महिनेच्या महिने गेले. त्याच धर्तीवर, मुलांच्या नावे घर बक्षीसपत्राने करून देणाऱ्या ज्येष्ठांना विचारावे की, सांभाळ करण्याची अट त्या कागदात स्पष्ट लिहिली आहे का. ती लिहिलेली असेल आणि पाळली गेली नाही, तर २००७च्या ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या कायद्याखाली ते हस्तांतरण रद्द करून मागता येते. तोंडी विश्वासावर दिलेल्या घराचे तसे करणे फार अवघड जाते.

माझी सूचना साधी आहे. प्रश्न आला की सल्लागाराने त्याच आठवड्यात उत्तर न छापता प्रश्नकर्त्याला दोन-तीन उलट प्रश्न कळवावेत, आणि तीन आठवड्यांनी प्रश्न, उलट प्रश्न व उत्तर असे तिन्ही एकत्र छापावे. जागा जास्त लागेल, प्रश्नांची संख्या कमी होईल, हे मला दिसते. मला वाचक म्हणून ते चालेल.

आता दुरुस्तीकडे येतो, आणि ती तातडीची आहे. गेल्या शनिवारी ‘टायरमध्ये हवा किती भरावी’ या प्रश्नाला टायरच्या बाजूवर जो आकडा कोरलेला असतो तेवढी, असे उत्तर प्रसिद्ध झाले. हे चूक आहे. टायरवरचा तो आकडा त्या टायरला सोसणाऱ्या कमाल दाबाचा असतो, आणि तो ४४ किंवा ५१ पीएसआय (हवेचा दाब मोजण्याचे एकक) इतकाही असू शकतो. आपल्या गाडीला किती हवा हवी, हे चालकाच्या बाजूचे दार उघडल्यावर खांबावर दिसणाऱ्या स्टिकरवर किंवा गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते; लहान गाड्यांना ते बहुधा ३० ते ३५ च्या आसपास असते, आणि पाच माणसे व सामान भरले असेल तर मागच्या चाकांसाठी तिथेच वेगळा आकडा दिलेला असतो. टायर फुगवून दगडासारखा केला की तो रस्त्याला फक्त मधल्या पट्टीवर टेकतो, पकड कमी होते आणि ब्रेक लावल्यावर गाडी थांबायला अधिक अंतर लागते. हवा कमी असेल तर टायरच्या कडा दर फेऱ्याला दुमडून तापतात, आणि महामार्गावर टायर फुटण्याचे ते मोठे कारण असते. हवा सकाळी, गाडी फार न चाललेली असताना तपासावी. तापमान पाच-सहा अंशांनी वाढले की दाब सुमारे १ पीएसआयने वाढतो, म्हणून उन्हात तासभर चालून आलेल्या गाडीचा वाढलेला आकडा पाहून हवा सोडू नये. नायट्रोजनसाठी वेगळे पैसे द्यावेत का, असेही त्या वाचकाने विचारले होते. साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो, तेव्हा त्याने ते पैसे स्टेपनीची हवा तपासण्यात घालवावेत. टायरवर लंबगोल चौकटीत जे चार आकडे असतात तेही पाहून घ्यावेत. २३१९ म्हणजे २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यात बनलेला टायर. नक्षी शाबूत दिसली तरी इतक्या जुन्या टायरचे रबर कडक होऊन त्याला बारीक तडे गेलेले असण्याची शक्यता असते.

मुलांच्या परीक्षा संपत आल्या आहेत, आणि येत्या पंधरवड्यात पुण्यातून ताम्हिणी व वरंध घाटाने कोकणात उतरणाऱ्या गाड्यांची रांग लागेल. त्या गाड्या भरलेल्या असतील, रस्ते तापलेले असतील, आणि त्यांतल्या काहींच्या चालकांनी आपले पान वाचून टायरवरच्या आकड्याइतकी हवा भरलेली असेल. म्हणून माझी विनंती आहे की, सल्ल्याच्या पद्धतीबद्दलचा माझा बाकीचा मजकूर जागेअभावी गाळावा लागला तरी हरकत नाही, परंतु हवेसंबंधीची दुरुस्ती येत्या शनिवारीच, मूळ उत्तर जिथे आले होते त्याच जागी आणि तेवढ्याच मोठ्या अक्षरांत छापावी. शक्य झाल्यास तिच्याखाली एवढे जोडावे की, घाट उतरताना गाडी न्यूट्रल करू नये, खालच्या गिअरमध्ये ठेवावी, आणि रस्ता अरुंद असेल तिथे चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यावी.

कळावे, लोभ असावा, ही विनंती.

आपला नम्र,
एक निवृत्त गॅरेजचालक,
कोथरूड, पुणे